माझूदेवीची पालखी: समज आणि वस्तुस्थिती

समुद्रदेवी म्हटलं की लाटांतून प्रकटलेली, वादळं उठवणारी देवता डोळ्यांसमोर येते. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर आणि तैवानमध्ये पुजली जाणारी माझू तशी नाही. परंपरा सांगते की ती लिन मोन्यांग नावाची मुलगी, इ.स. ९६० मध्ये फूजियान प्रांतातल्या मेइझोऊ बेटावर जन्मलेली. ती ऐन तरुणपणी गेली आणि दर्यावर्दींनी तिला देवी मानलं. तिचं काम बुडणाऱ्याला तारण्याचं. म्हणून तिच्या दोन बाजूंना दोन रक्षक असतात: एकाला कोसोकोस दूरचं दिसतं, दुसऱ्याला वाऱ्यावरून आलेली हाक ऐकू येते.

ती केवळ ताओ पंथाची, हेही अर्धंच खरं. तिच्या कित्येक देवळांत बौद्धांच्या ग्वानयिनचीही पूजा होते. भक्तही फक्त कोळी नाहीत. तैवानचे शेतकरी तिला पावसासाठी साकडं घालतात.

सर्वांत मोठा गैरसमज उत्सवाचा. जयंती चांद्र तिसऱ्या महिन्याच्या २३ तारखेला, बहुधा एप्रिल-मे महिन्यांत येते. पण सोहळा त्या एका दिवसापुरता नसतो. तैवानमधल्या दाजियाच्या झेनलान मंदिराची पालखी त्याआधी ९ दिवस, ८ रात्री, सुमारे ३४० किलोमीटर चालते. भररस्त्यात लोक एकामागे एक ओळीने ओणवे होतात आणि पालखी त्यांच्या अंगावरून पुढे जाते. पाहुण्यांना हा देहदंड वाटतो. तो आशीर्वाद आहे. कुणी आजारी माणसाचे कपडे घेऊनही त्या रांगेत येतं.

ही पालखी पूर्वी तैवानमधल्याच बेइगांगच्या माझू मंदिरात जायची, त्यामुळे दाजियाची देवी माहेरी निघाली असं लोक म्हणू लागले. झेनलान मंदिराला ते मान्य नव्हतं. मूळ स्थान मेइझोऊ, बेइगांग नव्हे, या भूमिकेतून १९८८ पासून पालखी शिनगांगला जाऊ लागली. आजही जुन्या समजुतीने माहेराची गोष्ट सांगितली जाते, ती सुधारायला हवी.

सगळ्या पालख्यांचा मार्ग ठरलेला असतो, असंही धरून चालू नये. तैवानमधल्याच बाइशातुन इथली माझूची पालखी बेइगांगलाच जाते, पण कोणत्या वाटेने ते आधी कुणालाच ठाऊक नसतं. चौकात पालखी पुढेमागे झुलते, एका दिशेला वळते, आणि मागचा सगळा जनसागर तिकडे वळतो. कधी ती शाळेत शिरते, कधी इस्पितळापुढे थांबते. मला ही यात्रा अधिक भावते, कारण इथे देवी खरोखरच लोकांच्या दारी येते.

जाण्याचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा: दाजियाच्या प्रस्थानाचा मुहूर्त दरवर्षी देवीला कौल लावून ठरतो. तो जाहीर झाल्यावरच विमानाचं तिकीट काढा.