एक्सेकियासचा कुंभ
व्हॅटिकनच्या ग्रेगोरियन एट्रुस्कन संग्रहालयात सुमारे ६१ सेंटीमीटर उंचीचा जो दोन कानांचा कुंभ आहे, त्यावर अथेन्सच्या एक्सेकियासने इ. स. पू. ५४०–५३०च्या सुमारास ट्रॉयच्या युद्धातील अकिलीस आणि एजॅक्स हे दोन वीर, भाले हाती तसेच ठेवून, पटावर ओणवून खेळताना रंगविले आहेत. अकिलीसच्या मुखापाशी ‘चार’ आणि एजॅक्सच्या मुखापाशी ‘तीन’ अशी अक्षरे असल्याने डाव कोणाकडे झुकला आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. त्यांच्या प्रावरणांवरील सूक्ष्म कोरीवकाम पाहिले, की हा एक्सेकियास मला चित्रकारापेक्षा जवाहिऱ्याच अधिक वाटतो.

परंतु खरे नवल त्या आकृतींच्या काळ्या रंगाचे, कारण तो मुळी रंगच नव्हे! अथेन्सभोवतालच्या ॲटिका प्रदेशातील लोहयुक्त मातीचाच अतिसूक्ष्म गाळ आकृतींवर लावून भांडे भट्टीत घालीत. प्रथम हवा मोकळी ठेवून सर्वच लाल करीत, मग झरोका बंद करून, ओले सरपण घालून आच सुमारे ९०० अंशांपर्यंत नेली, की सारेच काळे पडे, आणि अखेरीस पुन्हा हवा आत सोडताच सच्छिद्र अंग लाल होई, पण वितळून घट्ट झालेला गाळ प्राणवायूस दाद न देता काळाच राही. आणि हे सर्व, उष्णता मोजण्याचे कोणतेही साधन नसताना, केवळ नजरेच्या अदमासाने!

पुढे इ. स. पू. ५३०च्या सुमारास पार्श्वभूमी काळी व आकृती लाल अशी उलट रीत अथेन्समध्येच निघाली. हा कुंभ मात्र सापडला तो इटलीतील वुल्ची येथे. अथेन्सच्या मालाचे एट्रुस्कन लोक मोठे गिऱ्हाईक होते.