आधी धार बघा, मगच बोट पुरात घाला

निफाड तालुक्यातल्या चांदोरी-सायखेड्याला पूर नवा नाही. वर गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सुटले, खाली नांदूरमध्यमेश्वरचा फुगवटा आला, की गोदामाई गावात शिरते. २००८, २०१६ आणि २०१९ साली हे आपण पाहिलेच आहे. अशा वेळी मळ्यावर अडकलेली माणसे काढायला मोटारबोट लागते. माणसे बसली, बोट निघाली आणि ऐन धारेत इंजिन तापून बंद पडले तर? वाचवायला गेलेल्यांनाच वाचवायची पाळी येईल.

तुम्ही म्हणाल, चहूबाजूंनी पाणी असताना इंजिन तापते कसे? बोटीच्या मोटारीला ट्रॅक्टरसारखा रेडिएटर नसतो. मागे टांगलेल्या मोटारीचा पाय पाण्यात असतो. त्याच्या जाळीतून नदीचेच पाणी आत येते. इंपेलर नावाचे रबरी पात्यांचे चाक ते वर ढकलते. इंजिनभोवती फिरून ते धुराबरोबर बाहेर पडते आणि त्यातली बारीक धार मोटारीच्या बाजूने उडत राहते. ही धार म्हणजे मोटारीची नाडी समजा. इंजिन बोटीत आणि पाय बाहेर अशी मोठी बोट असली, तर तिला बहुधा अशी धार नसते. तिथे तापमानाच्या काट्यावर नजर ठेवावी.

मोटार चालू केल्यावर पहिले काम धार बघण्याचे. धार बारीक झाली, तुटू लागली किंवा तापल्याचा भोंगा वाजला, तर रेटून नेऊ नका. बोट कडेला घ्या, झाडाला नीट बांधा, मोटार बंद करा. मग पाणी जिथून शिरते तिथून सुरुवात करून क्रमाने तपासा.

पहिली तपासणी जाळीची. आपल्याकडे पुरात सायखेड्याच्या पुलाला पानवेलींचे ढीग अडकतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याच पानवेलीच्या मुळ्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या जाळीवर बसतात. फूटव्हॉल्व्हला कचरा लागला की पंप पाणी उचलत नाही, तसाच हा प्रकार. पाय वर उचलून जाळी मोकळी करा. मात्र मोटार पूर्ण बंद केल्याशिवाय पंख्याजवळ हात नेऊ नका.

दुसरी तपासणी धारेच्या भोकाची. कुंभारीण माशी त्यात मातीचे घर करते, कधी गाळ बसतो. नायलॉनची जाड दोरी हलक्या हाताने आत सरकवा. भोक मोकळे होऊन धार आली, तर इंजिनात पाणी फिरत होते, फक्त खूण बंद होती.

तिसरा संशय इंपेलरवर. बचावाची बोट वर्षातले बरेच महिने पडून असते. रबराची पाती वाकलेल्या स्थितीत ताठरतात, चिरतात. पुराच्या पाण्यातली वाळूही ती झिजवते. हे काम नदीवर होत नाही, मेकॅनिककडेच करावे. पात्याचा तुकडा तुटलेला दिसला तर तो शोधून काढायला सांगा, नाही तर तोच पुढे जाऊन पाण्याची वाट अडवतो. एवढे करूनही इंजिन तापले, तर थर्मोस्टॅट आणि आतल्या वाटांतला गाळ तपासून घ्यावा.

दोन गोष्टी टाळा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. आणि मोटार कोरडी चालवून बघू नका. इंपेलरला पाण्याचेच वंगण असते, कोरडा फिरला की थोड्याच वेळात जळतो.

बुडालेल्या शेतावरून जाताना वेग कमी ठेवा. पाणी उथळ असले की पाय चिखल ओढतो, शिवाय खाली द्राक्षबागेच्या तारा आणि अँगल असतात. पाय थोडा उचलावा, पण जाळी पाण्याखालीच राहिली पाहिजे.

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींनी आपल्या हद्दीतल्या बोटीची चाचणी मे महिन्यातच घ्यावी. मोठ्या पिंपात स्वच्छ पाणी भरून, पाय जाळीच्या बराच वर येईपर्यंत बुडवावा आणि गिअर न टाकता मोटार चालवून धार बघावी. चाचणीची तारीख आणि धार कशी होती ते वहीत लिहून ठेवावे. जादा इंपेलर आणून ठेवावा आणि बोटीत वल्ही असावीतच. पूर ओसरल्यावर पुन्हा पिंपातल्या स्वच्छ पाण्यात दहा-पंधरा मिनिटे मोटार चालवावी, म्हणजे आत गाळ वाळून बसणार नाही.

पाणी गावात आल्यावर मेकॅनिक शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून हे काम पावसाआधीच उरकून घ्या.