आधी मुक्काम, मग डोंगर

श्रावण लागतो. कोळपण्या झालेल्या असतात, सोयाबीन फुलाला आलेले असते, हळदीला माती लावून झालेली असते. हाताला थोडी उसंत मिळते आणि पोळ्यालाही अजून अवकाश असतो. अशा वेळी पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाचा फोन येतो, "आई, पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्यात. औंदा सगळे मिळून चिखलदऱ्याला जाऊ." पुसेगाव असो, सेनगाव असो की हिंगोलीकडचे दुसरे कोणतेही गाव असो, असा बेत आता पुष्कळ घरांत होऊ लागला आहे.

बेत चांगला आहे. वर्षभर मातीत राबणाऱ्या माणसाने चार दिवस डोंगराचा गार वारा का घेऊ नये? पण गाडी ठरवण्याच्या आधी, शेव-चिवडा बांधण्याच्या आधी, घरातल्या कुणीतरी एक प्रश्न विचारायला हवा. "रात्री निजायचे कुठे?" या प्रश्नाचे उत्तर घेतल्यावाचून निघालेली माणसे डोंगरावर पोचतात तेव्हा अंधार पडलेला असतो, पाऊस चालू असतो, लेकरे पेंगुळलेली असतात आणि प्रत्येक दारावर एकच उत्तर मिळते, "खोली नाही."

सुट्टी एक, गिऱ्हाईक हजार

असे का होते ते समजून घेऊ. चिखलदरा हे विदर्भातले थंड हवेचे ठिकाण. अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांहून अधिक उंचीवर ते वसलेले आहे. हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने १८२३ साली ही जागा शोधली, असे सांगतात. त्याच हैदराबादी फौजेची छावणी आपल्या हिंगोलीतही होती, म्हणजे हे नाते तसे जुनेच म्हणायचे. भीमाने कीचकाला मारून जिथे दरीत लोटले ती कीचकदरा, म्हणजेच चिखलदरा, अशी लोककथा आहे. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल, गाविलगडचा किल्ला आणि कॉफीचे मळे, पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

पण गाव केवढे? २०११ च्या जनगणनेत चिखलदऱ्याची वस्ती पाच हजारांच्या आसपास होती. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढीच. तिथे असतील नसतील तेवढ्या खोल्या एरवी पुरतात. जोडून सुट्टी आली की मात्र गणित बिघडते. २०२५ चेच पाहा. १५ ऑगस्ट शुक्रवारी आला, शनिवारी गोपाळकाला आणि मग रविवार. सलग तीन दिवस. अमरावती, अकोला, नागपूर, यवतमाळ, इकडून वाशिम-हिंगोली, सगळ्यांनाच तेच तीन दिवस मोकळे आणि सगळ्यांची नजर एकाच डोंगरावर. आठवडी बाजारात सगळे गाव एकाच वेळी एकाच विहिरीवर पाणी प्यायला गेले, तर विहीर आटणारच.

हे चिखलदऱ्यापुरतेच नाही. साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठारावर गर्दीमुळे रोजच्या माणसांची संख्या ठरवून द्यावी लागली आणि फुलांच्या हंगामात आधी नोंदणी करून जावे लागते. तिकडे अमेरिकेत योसेमिटी नावाचे डोंगराळ राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे तंबू ठोकण्याच्या जागांची नोंदणी कित्येक महिने आधी उघडते आणि सुट्टीच्या दिवसांच्या जागा काही मिनिटांत संपतात. तेव्हा डोंगरावर जागा न मिळणे हे काही आपल्या नशिबाचे भोग नव्हेत. जागा थोडी आणि माणसे फार, हा साधा हिशेब आहे. ज्याने आधी हिशेब केला, त्याला जागा.

वारीची शिस्त डोंगरावर न्या

आपल्या माणसांची एक सवय असते. "निघू तर खरे, कुठेही पथारी टाकू." यात्रेला जाणाऱ्या माणसाची ही सवय आहे. औंढ्याला किंवा माहूरला गेले तर देवळाची ओवरी असते, धर्मशाळा असते, ओळखीचा कुणीतरी भेटतो. डोंगरावरच्या थंड हवेच्या गावी यातले काही गृहीत धरता येत नाही. पावसात उघड्यावर निजता येत नाही आणि चारी बाजूंना जंगल असते.

आणि नीट पाहिले तर वारीसुद्धा भरवशावर चालत नाही. नर्सीच्या नामदेवांच्या मुलखातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. पालखी कोणत्या तिथीला कोणत्या गावी मुक्कामाला हे महिनोन्महिने आधी ठरलेले असते. दिंडीचा ट्रक सकाळीच पुढे जातो. वारकरी चालत पोचतात तोवर राहुट्या उभ्या असतात आणि चूल पेटलेली असते. आधी मुक्काम ठरतो आणि मग वाट चालली जाते. डोंगरावर जाताना तेवढीच शिस्त पाळायची आहे.

जागा शोधायची कुठे

चिखलदऱ्यात राहण्याचे साधारण तीन मार्ग आहेत. पहिला, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान. याची नोंदणी आधी करता येते आणि गर्दीच्या तारखा लवकर भरतात. दुसरा, खासगी लॉज, हॉटेल आणि घरगुती निवास. तिसरा, वन विभागाची निवासस्थाने. मेळघाट हा १९७३-७४ साली सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्यातल्या सेमाडोह, कोलकास अशा ठिकाणी वन विभागाची राहण्याची सोय आहे. मात्र पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाच्या आतल्या भागातले पर्यटन बंद असते. म्हणून कोणती जागा केव्हा उघडी आहे हे वन विभागाकडे विचारूनच बेत करावा.

चौथा मार्ग बहुतेकांना सुचत नाही आणि तोच पुष्कळदा सोयीचा पडतो. मुक्काम डोंगरावर न करता पायथ्याशी करावा. परतवाडा-अचलपूर हे जोडगाव घाटाच्या खाली, चिखलदऱ्यापासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. बाजारपेठेचे गाव असल्याने तिथे लॉज आहेत, खाणावळी आहेत, दवाखाने आहेत. रात्री तिथे राहावे, पहाटे घाट चढावा, दिवसभर हिंडून उजेड असतानाच खाली उतरावे. म्हातारी माणसे आणि तान्ही लेकरे बरोबर असतील तर हेच बरे.

पुसेगावहून हिंगोली, वाशिम, अकोला, परतवाडा असे गेले तर रस्ता निवडाल त्याप्रमाणे एका बाजूचे अंतर अडीचशे ते तीनशे किलोमीटर पडते. सकाळी धारा काढून निघालेला माणूस दुपार कलल्यावरच परतवाड्यात पोचणार. त्याच दिवशी अंधारात, धुक्यात घाट चढण्याची घाई कशाला? सुट्टीच्या दिवशी वर गाड्यांची इतकी दाटी होते की पोलिसांना एका रस्त्याने वर आणि दुसऱ्या रस्त्याने खाली अशी एकेरी वाहतूक लावावी लागते. रांगेत दोन-तीन तास गेले तर मुक्कामाचे सगळे वेळापत्रक कोलमडते.

फोनवर काय विचारावे

खोलीसाठी फोन कराल तेव्हा भीड धरू नका. बाजारात बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, तसेच इथेही चार प्रश्न विचारावेत. "भाऊ, आम्ही आठ जण आहोत, त्यात तीन लेकरे आणि आमची म्हातारी आई आहे. एका खोलीत किती जणांना राहू देता? जास्तीच्या गादीचे वेगळे पैसे पडतात का? संडास खोलीतच आहे का? आईला जिने चढवत नाहीत, खालची खोली मिळेल का? गाडी कुठे लावायची? रात्री उशीर झाला तर जेवण मिळेल का? येणे रद्द झाले तर पैसे परत मिळतील का?" भाडे सुट्टीच्या दिवसाचे आहे की एरवीचे, हेही विचारावे, कारण गर्दीत दर चढतो. जे ठरेल ते मोबाइलवर लिहून मागवावे.

पैसे आगाऊ पाठवताना मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. नावाजलेल्या निवासांच्या नावाने खोटी संकेतस्थळे काढून पैसे लुबाडणाऱ्या टोळ्या आहेत. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृहखात्याच्या सायबर गुन्हे केंद्राने यात्रेकरूंना आणि पर्यटकांना याबद्दल जाहीर इशारा दिला होता. दर फारच स्वस्त, वर "आत्ताच पैसे टाका, नाहीतर खोली जाईल" अशी घाई दिसली की समजावे, दाल में कुछ काला है. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त.

तंबूचा मोह

आजकाल मुलांना तंबूत राहण्याची हौस असते. भंडारदरा धरणाच्या काठी, पवना धरणाच्या काठी तंबूंच्या रांगा लागतात. रात्रभर शेतात राखणीला जागणाऱ्या माणसाला त्याचे भय वाटत नाही. पण आपले रान आपल्या ओळखीचे असते, परका डोंगर नसतो. अभयारण्यात आणि व्याघ्र प्रकल्पात वन विभागाच्या परवानगीवाचून मुक्काम करता येत नाही, जाळ करता येत नाही. तिथे वाघ, बिबटे, अस्वले खरोखरीची आहेत. तंबूत राहायचेच असेल तर परवानगी असलेल्या, संडास-पाण्याची आणि राखणदाराची सोय असलेल्या जागीच राहावे.

ओढ्याच्या काठी, धबधब्याच्या खाली, कोरड्या नाल्यात पथारी कधीही टाकू नये. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वरच्या डोंगरावर पडलेला पाऊस घटकाभरात खाली येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसे, त्यात लहान मुले, पाण्याचा लोंढा वाढताच वाहून गेली. तो रविवार होता. सगळे घर सुट्टीसाठी म्हणून गेले होते.

जागा मिळालीच नाही तर

एवढे करूनही कधी गणित चुकते. घेतलेली खोली दुसऱ्याला दिली जाते, गाडी वाटेत बिघडते. अशा वेळी दिवस मावळेपर्यंत दारोदार फिरत बसू नये. दुपारी चारपर्यंत जागा झाली नाही तर सरळ घाट उतरून परतवाडा किंवा अमरावती गाठावे. एक दिवस फुकट गेला असे वाटेल, पण रात्री धुक्यात घाट उतरण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

गाडीतच रात्र काढण्याची पाळी आली तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. काचा बंद, एंजिन चालू आणि आत माणसे निजलेली, असे कधीही होऊ देऊ नका. एंजिनाच्या धुरातला विषारी वायू आत साठू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. निजलेल्या माणसाला तो कळत नाही आणि झोपेतच जीव जातो. बंद खोलीत शेगडी पेटवून निजणे तितकेच घातक. एंजिन बंद ठेवा, काचा थोड्या उघड्या ठेवा आणि गाडी पोलीस चौकीजवळ किंवा वस्तीत, उजेडात लावा. अडचण आली तर ११२ हा क्रमांक आहेच.

आपल्या हातची सुट्टी

आता शेवटचे, पण सगळ्यांत कामाचे. नोकरदाराची सुट्टी कॅलेंडर ठरवते. शेतकऱ्याची सुट्टी पीक ठरवते. एरवी आपण याचे रडगाणे गातो. २०२५ साली दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला आली. शहरे फिरायला निघाली आणि आपल्याकडे सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. पण हीच गोष्ट उलटी करून पाहा. मंगळवारी-बुधवारी डोंगरावर जाण्यापासून आपल्याला कोण अडवतो? त्या दिवशी खोल्या मोकळ्या असतात, दर उतरलेला असतो, घाटात रांग नसते आणि लॉजवालाही दोन शब्द आपुलकीने बोलतो.

पुण्याच्या मुलाला म्हणावे, "बाळा, जोडून सुट्टीला घरी ये, चार दिवस राहा. पण डोंगराला जायचे तर त्याला लागून एक-दोन दिवसांची रजा टाक." शाळेच्या लेकरांसाठी हरभरा-गव्हाची पेरणी झाल्यावर, दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस पाहावेत. पावसाळ्यात चिखलदऱ्याला धुक्यात पुष्कळदा दरीच दिसत नाही. पाऊस सरल्यावर आभाळ स्वच्छ होते, थंडी गोड पडते आणि दूरवरच्या डोंगररांगा दिसतात.

राहता राहिला घरचा प्रश्न. "आपण गेलो तर म्हशीच्या धारा कोण काढणार?" घरधनीण हे विचारणारच आणि तिचे विचारणे रास्त आहे. भावकीशी, शेजाऱ्याशी बोलून ठेवावे. या खेपेला त्यांनी आपली जनावरे पाहावीत, पुढच्या खेपेला त्यांच्या घरचे जातील तेव्हा आपण त्यांची पाहावीत. डोंगरावरच्या मुक्कामाइतकाच घरचा हा बंदोबस्त महत्त्वाचा. दोन्ही झाले की मग गाडीवाल्याला फोन करावा.