मोटारसायकलीच्या विद्युत् संचातील अतिभारण

अतिभारण : मोटारसायकलीची बॅटरी पूर्ण भरल्यानंतरही तीत जरुरीपेक्षा जास्त विद्युत् प्रवाह सतत लोटला जाणे, या दोषास अतिभारण म्हणतात. कारागिरांच्या बोलीत ‘ओव्हरचार्जिंग’ हा शब्द रूढ आहे. बॅटरी अकाली निकामी होणे, दिवे वरचेवर जळणे व क्वचित बॅटरीचा स्फोट होणे हे त्याचे परिणाम होत. बॅटरी पुरेशी न भरणे हा याच्या उलट दोष आहे. परंतु दोहोंचे अखेरचे लक्षण एकच, ते म्हणजे बटण दाबूनही एंजिन सुरू न होणे. यामुळे निदानात गफलत होते.

दाट वस्तीच्या शहरात ही गफलत विशेष संभवते. मुंबईत २००२ साली खुल्या झालेल्या जे. जे. उड्डाणपुलावर २०१० मध्ये दुचाकींना बंदी करण्यात आली. तेव्हापासून दक्षिणेकडून भायखळ्याकडे येणाऱ्या दुचाकीस्वाराला पुलाखालच्या महंमद अली मार्गावरील गर्दीतून थांबत थांबत यावे लागते. एंजिनाची गती मंद असताना जनित्राचे उत्पादन कमी असते. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढील दिवा एंजिनाबरोबर आपोआप लागतो. त्यामुळे बॅटरी बंद पडली की ‘चार्जिंग कमी पडते’ असा तर्क सहज केला जातो व नवी बॅटरी बसविली जाते. मूळ दोष अतिभारणाचा असल्यास ही नवी बॅटरीही लवकरच जाते. घरोघर जेवण वा माल पोहोचविणाऱ्याची रोजची मिळकत गाडीवरच अवलंबून असल्याने हा दुहेरी भुर्दंड त्याला जड जातो.

बॅटरीत घडणारी क्रिया : शिसे-अम्ल प्रकारच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घट एकसरीत जोडलेले असतात. पूर्ण भरलेल्या व काही तास विसावलेल्या बॅटरीचा दाब १२·६ ते १२·८ व्होल्ट असतो. भारण चालू असता तो सर्वसाधारणपणे १३·८ ते १४·५ व्होल्ट असावा लागतो. २५° से. तापमानास सुमारे १४·४ व्होल्टच्या वर पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू झपाट्याने निघू लागतात. तापमान वाढले की ही मर्यादा खाली येते; उन्हाळ्यात एंजिनाच्या उष्णतेत असलेल्या बॅटरीच्या बाबतीत ती काही दशांश व्होल्टने कमी धरावी लागते. १ अँपिअर जादा प्रवाह तासभर वाहिला तर सहा घटांतील मिळून सुमारे २ ग्रॅम पाणी नाहीसे होते. पाणी घटले म्हणजे अम्ल तीव्र होते, पट्ट्या उघड्या पडतात व त्यांवरील क्रियाशील द्रव्य गळून पडते. बंदिस्त बॅटरीत पाणी घालण्याची सोयच नसते. ती आतून सुकते व तिच्या कडा फुगतात. हवेत हायड्रोजनाचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की मिश्रण स्फोटक बनते. विडी वा सैल अग्रावर उडालेली ठिणगीही त्यास पुरते.

नियामक व त्याचे बिघाड : मोटारगाडीच्या प्रत्यावर्तकात चुंबकक्षेत्राचा प्रवाह कमीजास्त करून उत्पादन आवरता येते. बहुतेक मोटारसायकलींत मात्र फिरणारे चुंबक कायम स्वरूपाचे असल्याने गतीबरोबर उत्पादन वाढतच जाते. म्हणून प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करणारा व दाब रोखणारा असा एकत्रित नियामक बसवितात. कारागीर त्याला ‘आरआर युनिट’ म्हणतात. ठराविक दाब होताच तो अर्धसंवाहक खटक्यांद्वारे जनित्राची वेटोळी लघुमंडलित करतो. हे खटके उघडे राहून निकामी झाले तर अतिभारण होते. तेच जुळलेले राहिले तर उलट बॅटरी भरतच नाही. म्हैसूर येथे १९६१ पासून बनलेल्या जावा मोटारसायकलींत ६ व्होल्टचा डायनॅमो व कंप पावणाऱ्या संपर्काचा नियामक असे. त्याचे संपर्क चिकटले की हाच दोष उद्भवे. तंतूच्या दिव्याऐवजी कमी प्रवाह घेणारा एलईडी दिवा लावल्यास लघुमंडल प्रकारच्या नियामकावरील उष्णतेचा भार वाढतो, ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत.

नियामक निर्दोष असूनही अतिभारण होऊ शकते, आणि प्रत्यक्ष दुरुस्तीत दुर्लक्ष होते ते येथेच. अनेक गाड्यांत बॅटरीचा दाब नियामकाला एका स्वतंत्र बारीक तारेने कळतो. ही तार किल्लीच्या खटक्यातून येते. पावसाळ्यात सखल रस्त्यांवर साचणारे पाणी व खारी दमट हवा यांमुळे जोडांवर हिरवा गंज चढतो, तेथे दाबाचा काही अंश खर्ची पडतो व नियामकाला प्रत्यक्षापेक्षा कमी दाब भासतो. तो भासमान तूट भरून काढतो आणि बॅटरी उकळू लागते. नियामकाची भूसंधी, म्हणजे ‘अर्थिंग’, सदोष असल्यासही असेच घडते. नुकत्याच रंगविलेल्या सांगाड्यावर रंग न खरवडता नियामक आवळलेला असेल तर प्रथम हीच शंका घ्यावी.

शोधनाची रीत : प्रथम विसावलेल्या बॅटरीचा दाब मोजावा, बॅटरीच सदोष असेल तर पुढील मापने दिशाभूल करतात. एक घट आतून जुळला असेल तर दाब १०·५ व्होल्टच्या आसपास येतो. भारणात व्होल्टमापक नेहमीचाच आकडा दाखवितो, पण उरलेले पाच घट उकळतात. उघड्या घटांच्या बॅटरीत विशिष्ट गुरुत्व १·२६ ते १·२८ असावे आणि एखाद्या घटात ते ०·०५ ने कमी असल्यास ती बॅटरी टाकाऊ समजावी. बॅटरी चांगली असल्यास एंजिन मध्यम गतीने चालवून तिच्या अग्रांवरील दाब पहावा. तो १५ व्होल्टच्या वर टिकत असेल तर अतिभारण निश्चित. त्यानंतर एंजिन चालू व दिवा लागलेला ठेवून बॅटरीचे ऋणाग्र व नियामकाचे धातूचे कवच यांमधील, आणि धनाग्र व संवेदक तार यांमधील दाब मोजावा. कोठेही ०·२ व्होल्टहून जास्त फरक आढळल्यास जोड साफ करावेत. फरक नसूनही दाब चढाच राहिला तरच नियामक बदलावा. एंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून परीक्षा घेण्याची काही ठिकाणची चाल घातक आहे. दाब एकदम उसळून इंधन-अंतःक्षेपणाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक जळू शकतात.

घटलेली पातळी केवळ ऊर्ध्वपातित पाण्याने भरावी, अम्लाने नव्हे. अंगावर अम्ल उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. सांगाड्यावर सांडलेले अम्ल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने शमते. निकामी बॅटरी भंगारात न देता विक्रेत्याकडे परत करावी, कारण २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.