फासेपारधी बुरशी

लोणच्यावर बुरा आला की बरणी रिकामी करायची, एवढीच आपली बुरशीशी ओळख. तिचे काही भाऊबंद मात्र मातीत फास लावून जिवंत प्राणी पकडतात!

सावज म्हणजे सूत्रकृमी. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची त्याची पिल्ले पेरू-डाळिंबाच्या कोवळ्या मुळांत शिरतात, सुईसारख्या तोंडाने रस शोषतात. मुळांवर गाठी धरतात. पाणी-खत सगळे वेळेवर, तरी झाड पिवळे पडत जाते. उकरून पाहावे तर मुळे हळकुंडांसारखी गाठाळलेली.

ना पाय, ना डोळे असलेली बुरशी अशा वळवळत्या जिवाला धरते कशी? १८८८ साली विल्हेल्म झॉप्फ या जर्मन शास्त्रज्ञाने आर्थ्रोबॉट्रिस बुरशीच्या जाळ्यात कृमी अडकताना पाहिले. ते जाळे चिकट असते. तिच्या एका नातलगाची तऱ्हा याहून अजब: तीन पेशींची इवलीशी कडी. कृमीने आत डोके घातले की पेशी सेकंदाच्या दहाव्या भागात फुगतात आणि फास आवळतो. आपण चवीने खातो ती धिंगरी अळिंबीसुद्धा शिकारी आहे. तिच्या धाग्यांवरचे विषारी थेंब कृमीला लुळे करतात. कुजक्या लाकडात नायट्रोजन फार थोडा, ती उणीव या बुरशा सावजाकडून भरून काढतात.

शेतात जास्त वापरतात ती पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम. २०११पर्यंत तिचे नाव पॅसिलोमायसिस होते, अजूनही काही पुड्यांवर तेच दिसते. ही फास लावत नाही, अंडीच फस्त करते. गाठ करणारी एकेक मादी चिकट गोळ्यात शेकडो अंडी घालते, म्हणजे घाव थेट पुढच्या पिढीवर.

हैदराबादला राजेंद्रनगरात राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था आहे. अशा उपयोगी बुरशा शेतावरच कशा वाढवायच्या, याचे प्रशिक्षण तिथे मिळते. वाढवलेली बुरशी कुजलेल्या शेणखतात आणि निंबोळी पेंडीत मिसळायची, ढीग सावलीत ओलसर ठेवायचा आणि मग ते खत झाडाच्या आळ्यात द्यायचे. बुरशीनाशक मात्र तिच्या वाऱ्यालाही नको. सगळे कृमी ती संपवत नाही, त्यामुळे रोपवाटिकेतून गाठाळ मुळांचे रोप आणले तर तिचाही इलाज तोकडा पडतो. औषध ओतून हात झटकता येतात. हा पारधी मात्र गोठ्यातल्या गाईसारखा पाळावा लागतो, त्याच गाईच्या शेणावर.