इम्युनोथेरपी घेण्यापूर्वी

रक्तातील टी-पेशी शरीराचा पहारा करतात. त्यांनी निरोगी पेशींवर हल्ला करू नये म्हणून निसर्गाने त्यांना आवर घातला आहे. कर्कपेशी याच आवराचा आश्रय घेऊन निभावून जातात. शिरेवाटे दिले जाणारे निवोलुमॅब हे औषध तो आवर दूर करते. या उपचारपद्धतीचा पाया घालणाऱ्या जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डोके व मान यांच्या बळावलेल्या कर्करोगावर गोळ्यांच्या जोडीला हे औषध दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम देण्यात आले. वर्षअखेर केवळ गोळ्या घेणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे १६, तर औषधही घेणाऱ्यांपैकी सुमारे ४३ रुग्ण हयात होते. लाभ मोठा, पण तो सर्वांना होतोच असे नाही.

शिवाय आवर सुटलेला पहारेकरी कधी घरच्यांवरच उठतो. आतडी, फुप्फुसे, यकृत, त्वचा, थायरॉइड ग्रंथी यांचा दाह होतो. कधी उपचार संपल्यावर काही महिन्यांनीही. म्हणून जुलाब, नवा खोकला, धाप वा कावीळ दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना कळवावे. वेळीच स्टेरॉइड दिल्यास हा दाह बहुधा आटोक्यात येतो.

आमवातासारखे विकार, पूर्वीचे अवयवरोपण, गर्भारपण व चालू औषधे यांची माहिती आधीच द्यावी. पुढे कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यास या औषधाचे नाव प्रथम सांगावे.