सिरॅमिकमधून वीज: मिश्रण तेच, वहन वेगळे

विजेच्या खांबावरचे चिनी मातीचे इन्सुलेटर वीज अडवतात, म्हणून सगळेच सिरॅमिक विद्युतरोधक असते असे वाटते. पण यिट्रियामिश्रित झिर्कोनिया तापवले की घन इलेक्ट्रोलाइट (इलेक्ट्रॉन अडवून आयनांना वाट देणारा पदार्थ) म्हणून काम करते. मोटारीतल्या ऑक्सिजन सेन्सरमध्ये तेच असते. झिर्कोनियात यिट्रियाचे डोपिंग (परके द्रव्य मोजून मिसळणे) केले की स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. त्यांतून ऑक्सिजनचे आयन पुढे सरकतात.

यिट्रियाचे प्रमाण, साधारण ८ मोल टक्के, ठरले की वहनक्षमताही ठरली, हा समज मात्र अपुरा आहे. एकसंध दिसणारे हे सिरॅमिक असंख्य सूक्ष्म स्फटिककणांचे बनलेले असते. दोन कण जुळतात त्या कणसीमेपाशी वापरता येण्याजोग्या रिकाम्या जागा कमी असतात. तिथे सिलिका साचली तर वाट आणखी अडते. महामार्ग कितीही चांगला असला तरी प्रवासाचा वेळ वाटेतल्या टोलनाक्यांवरही ठरतो, तसेच हे आहे. कण मोठे असले की सीमा कमी लागतात.

तरी कण मोठे तेवढे चांगले, असा सरसकट नियम नाही. सीमांचा रोध ३०० ते ४०० अंश सेल्सिअसला ठळक जाणवतो, १००० अंशांजवळ तो नगण्य होतो. शिवाय कण फार वाढले तर सिरॅमिकची मजबुती घटते. म्हणूनच मिश्रणाइतकेच सिंटरिंगलाही (भुकटी दाबून उच्च तापमानात भाजण्याला) महत्त्व आहे, कारण कणांचा आकार तिथेच ठरतो.